बांध पुरात गेले, वाट सातबाऱ्यावर नाही: शेतरस्त्याचं भांडण नेमकं कुठं अडतं?

सोलापूर : सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत नदीकाठची पिकं गेली, जनावरं गेली, घरात पाणी शिरलं. जमीन खरडून गेली, विहिरी गाळानं भरल्या. याचे पंचनामे झाले. पण जमिनीबरोबर बांधही गेले, आणि बांधावरून जाणारी वाटही गेली. वाटेचा पंचनामा होत नाही. कारण बहुतेक ठिकाणी ती वाट कुठल्याच कागदावर नव्हती. ती माणसांच्या तोंडात होती.

पाणी ओसरल्यावर जो तो आपापलं रान नीट करायला लागला. जेसीबी आला, माती ओढली, नवा बांध घातला. जुना बांध नेमका कुठं होता, हे दोघांच्या आठवणीत दोन वेगळ्या जागी असतं. एकाचा बांध चार फूट सरकतो आणि मागच्या तिघांचा रस्ता बंद होतो. नदीकाठच्या गावातली ही भांडणं पुरानं जन्माला घातली नाहीत. पुरानं फक्त झाकण काढलं. बाकीच्या तालुक्यांतही, जिथं पूर आला नाही तिथं, हीच भांडणं आहेत.

योगायोग असा की, राज्य सरकारनं १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ हा ‘सेवा पंधरवडा’ जाहीर केला होता आणि त्याचा पहिला टप्पा पाणंद रस्त्यांसाठीच ठेवला होता. गावोगाव शिवार फेरी काढायची, नकाशावरचे आणि नकाशात नसलेले रस्ते शोधायचे, यादी ग्रामसभेपुढं ठेवायची, रस्त्यांना क्रमांक द्यायचे, असं काम होतं. नेमक्या त्याच पंधरवड्यात सीनेनं पात्र सोडलं. ज्या तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वाटा मोजायच्या, तोच पुरात अडकलेल्या वस्त्यांच्या आणि नुकसानीच्या मागं धावत होता. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण ज्या गावांना या कामाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच गावांवर त्या दिवसांत पाणी होतं.

वाट आली कुठून?

इंग्रजांच्या काळात आपल्याकडं जमीन मोजली ती ३३ फुटी साखळीनं. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. गाव नकाशावर रस्ते दाखवले तेही याच हिशेबात. पायमार्ग सव्वाआठ फूट, म्हणजे चार आणे. गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून २१ फुटांपर्यंत. तुटक एक रेघ असेल तर पायवाट, तुटक दोन रेघा असतील तर गाडीवाट. हे मोठे रस्ते नकाशावर आले. त्यातल्या पुष्कळ पाणंदी पुढं दोन्ही बाजूंनी कोरून कोरून बोळासारख्या झाल्या, पण निदान त्यांचा पुरावा आहे. मोजणी आणली, रेघ धरली, की अतिक्रमण दिसतं.

खरं दुखणं आहे ते त्या पुढच्या वाटेचं. पाणंदीपासून आतल्या रानापर्यंतची. ती नकाशावर आलीच नाही, कारण तेव्हा तिची गरजच नव्हती. एका सर्व्हे नंबरात एक कुटुंब होतं. पंचवीस-तीस एकराचं रान, त्यात घरचीच बैलगाडी. कुठूनही आत जावं. पुढं वाटण्या झाल्या. आजोबाची एक जमीन चार मुलांत, मग अकरा नातवांत. वाटपात एकरं समान केली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लिहिल्या, आंब्याची झाडं मोजली. रस्त्याचं मात्र कुणी लिहिलं नाही. ‘भाऊच तर आहेत, जातील माझ्यातनं.’ भाऊ गेलेही. भावाच्या नातवाला जाऊ द्यायचं की नाही, हा प्रश्न आज उभा राहिला आहे.

म्हणून शेतरस्त्याचं भांडण परक्याशी कमी आणि भावकीत जास्त असतं. तहसील कचेरीत सुनावणीच्या दिवशी वादी-प्रतिवादीची आडनावं वाचली की हे कळतं. आणि भावकीतलं असल्यामुळंच ते लवकर मिटत नाही. रस्त्याच्या चार फुटांत वाटणीतला जुना राग, लग्नातला मानपान आणि गेल्या ग्रामपंचायतीचं पॅनेल असं सगळं येऊन बसतं.

बैलगाडी गेली, हार्वेस्टर आला

दुसरा बदल यंत्राचा. उजनीचं पाणी फिरलं आणि ज्वारीच्या रानात ऊस आला. सांगोल्याकडं डाळिंब, पंढरपूर-मोहोळ पट्ट्यात ऊस आणि द्राक्ष. ज्वारी डोक्यावरनं आणता येत होती. कडबा बैलगाडीत बसत होता. ऊस तसा निघत नाही. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आत जायला आणि भरून बाहेर यायला वळणावर चांगली रुंद जागा लागते. तोडणीचं हार्वेस्टर असेल तर आणखी. सव्वाआठ फुटांची वाट बैलांना पुरत होती, ती या गाड्यांना पुरत नाही. मग चाक शेजाऱ्याच्या उसात जातं, ठिबकची नळी फुटते, बांध ढासळतो, आणि गेली चाळीस वर्षं जाऊ देणारा माणूस एका सकाळी वाटेत बाभळीच्या फांद्या टाकतो किंवा जेसीबीनं चर मारतो.

ज्याचं रान आत आहे त्याची अडचण हंगामात कळते. टोळीचा मुकादम आधी विचारतो, ‘गाडी रानात लागते का?’ लागत नसेल तर टोळी पुढच्या रानात जाते. आलीच तर मोळ्या डोक्यावरनं रस्त्यापर्यंत वाहायचे वेगळे पैसे, वर खुशाली. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन उतरतं, म्हणजे काट्यावर पुन्हा नुकसान. डाळिंबाचे क्रेट डोक्यावर वाहिले तर माल चेपतो आणि व्यापारी बांधावरच भाव पाडतो. वस्तीवर राहणाऱ्यांचं तर रोजचंच आहे. सकाळचं दूध, पोरांची शाळा, बाळंतीण किंवा हार्ट अटॅकचा पेशंट. काळ्या मातीत जुलैला अॅम्ब्युलन्स अर्धा किलोमीटर अलीकडंच थांबते.

आणि एक गोष्ट गावात सगळ्यांना माहीत असते, पण कुणी मोठ्यानं बोलत नाही. रस्ता अडवणं हा कधी कधी जमीन स्वस्तात मागायचा डाव असतो. रस्ता नसलेल्या रानाला बाहेरचा गिऱ्हाईक येत नाही. मग उरतो एकच घेणारा, ज्यानं रस्ता अडवला तो. मालक म्हातारा असेल, विधवा बाई असेल, मुलं पुण्याला कामाला असतील, तर हा डाव लवकर जमतो.

देणाऱ्याचं किती जातं?

रस्ता देणाऱ्याची बाजूही आहे, आणि ती बातम्यांत फारशी येत नाही. दहा फूट रुंद आणि ३३० फूट लांब रस्ता धरा. ते झाले ३,३०० चौरस फूट, म्हणजे तीन गुंठ्यांना थोडं जास्त. सामाईक बांधाच्या दोन्ही अंगांनी निम्मा-निम्मा घेतला तर प्रत्येकाचा दीड गुंठा. एकरी ४० टन उतारा धरला तर दीड गुंठ्यात दीड टन ऊस येतो. दर वर्षी दीड टन, फुकट, कायमचा. दोन एकर असणाऱ्याला हे लहान नाही. त्यातही वाट त्याच्या एकट्याच्या अंगानं मागितली जात असेल, तर तीन गुंठे त्याचेच जातात आणि समोरचा एक इंच सोडत नाही.

पण दुसरा हिशेबही तेवढाच खरा आहे. आत दोन एकर ऊस असेल तर ८० टन अडकतो. दीड टनापायी ८० टन. यात तडजोडीला भरपूर जागा आहे. ती निघत नाही, कारण बोलणी सुरू व्हायच्या आधीच चर खोदलेला असतो, आणि चर खोदल्यावर बोलणी पैशाची राहत नाहीत, इज्जतीची होतात.

तहसीलदाराकडे दोन दारं, चुकीचं दार ठोठावू नका

रस्ता अडला की लोक पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जातात. तिथं बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते आणि ‘तहसीलला जा’ म्हणून सांगतात. ते बरोबरच सांगतात. शेतरस्त्याचा अधिकार मुख्यतः तहसीलदाराकडं आहे, पण दोन वेगळ्या कायद्यांखाली. हा फरक न कळल्यामुळं महिनेच्या महिने वाया जातात.

पहिला कायदा जुना आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६. त्याचं कलम ५. वाट आधीपासून होती, वहिवाटीत होती आणि कुणीतरी ती अडवली, तर या कलमाखाली अर्ज. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाई हुकूम देऊ शकतात. पण अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत हवा. गावात नेमकं इथंच घोटाळा होतो. अडवल्यावर आधी पाहुणे बसतात, मग सरपंच, मग ‘दिवाळी होऊ द्या’, मग ‘लग्नसराई होऊ द्या’. सहा महिने कधी उलटले ते कळत नाही. अडवणाऱ्याला मात्र ते चांगलं माहीत असतं. बैठका घ्यायला हरकत नाही, पण अर्ज टाकून बैठका घ्याव्यात.

दुसरा कायदा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. रानाला जायला रस्ताच नाही, तर दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागायचा तो या कलमानं. तहसीलदारानं शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी मार्गाची गरज किती आहे हे बघायचं असतं. इथं लक्षात ठेवायचं की हे कलम बांधावरचं आहे. उभ्या रानाच्या मधून सरळ रस्ता मिळावा असा अर्ज केला तर तो टिकत नाही. जवळचा, कमी नुकसानीचा आणि शक्य तिथं दोन्ही बाजूंनी सारखा, असा बांध दाखवावा लागतो. निकाल मान्य नसेल तर प्रांताकडं अपील, किंवा एक वर्षाच्या आत दिवाणी न्यायालयात दावा. दावा लावला की मग अपील चालत नाही. मामलेदार न्यायालय कायद्याखालच्या निकालावर मात्र अपील नसतं, फेरतपासणी असते.

जुनी वाट अडवली असताना १४३ खाली अर्ज केला की समोरचा वकील म्हणतो, ‘हे स्वतःच म्हणतात रस्ता नव्हता.’ आणि रस्ता कधीच नसताना कलम ५ लावलं की स्थळपाहणीत वाटेची खूणच सापडत नाही. अर्ज लिहून देणाऱ्यानं ठरलेला छापील नमुना भरून दिला, की अशी गफलत होते. सही करण्याआधी कुठलं कलम लिहिलंय एवढं तरी वाचावं.

अर्जाबरोबर आपला सातबारा, ज्यांच्या बांधावरून रस्ता हवा त्यांचे सातबारे, गट नकाशा आणि हातानं काढलेला कच्चा नकाशा लागतो. मंडळ अधिकारी पाहणीला येतात तेव्हा पंचनाम्यात काय लिहिलं जातंय ते तिथंच वाचून घ्यावं. ‘चाकोरी दिसते’ की ‘चाकोरी दिसत नाही’, या एका शब्दावर पुढचा निकाल फिरतो. म्हणूनच अडवणारा पाहणीच्या आधी रात्रीत वाट नांगरून टाकतो. त्यावर उपाय म्हणजे अडवलं त्याच दिवशी मोबाइलमध्ये तारखेसह फोटो आणि व्हिडिओ. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं बघता येतात, त्यात गाडीवाटेची रेघ बऱ्याचदा स्पष्ट दिसते. कारखान्याच्या तोडणीच्या पावत्याही जपून ठेवाव्यात. गाडी रानात लागत होती हे त्यावरनं सांगता येतं.

२०२५ च्या निर्णयानं काय बदललं?

२२ मे २०२५ रोजी महसूल विभागानं काढलेला शासन निर्णय या विषयात महत्त्वाचा आहे. शेतरस्ता शक्य तिथं किमान तीन ते चार मीटर, म्हणजे साधारण दहा ते तेरा फूट असावा, असं त्यात आलं. पूर्वी बैलगाडीपुरता रस्ता मिळत होता, आता ट्रॅक्टरचा विचार झाला. अर्जावर ९० दिवसांत निर्णय द्यायचा. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायची.

ही नोंद का मोलाची? आजवर तहसीलदारानं रस्ता दिला तरी तो हुकूम फायलीत राहायचा. अडवणाऱ्यानं जमीन विकली की नवा मालक म्हणायचा, ‘मला कुणी सांगितलं नाही, माझ्या सातबाऱ्यावर काही नाही.’ पुन्हा पहिल्यापासून सुरू. आता इतर हक्कात रस्ता लागला की घेणाऱ्यालाही तो दिसतो, बँकेलाही दिसतो. ज्यांच्याकडं पाच-दहा वर्षांपूर्वीचा जुना आदेश पडून आहे, त्यांनी तो शोधून काढावा आणि नोंदीसाठी अर्ज द्यावा.

मात्र सरकारी कागदावर ९० दिवस लिहिले म्हणून रस्ता ९० दिवसांत होत नाही. नोटीस बजावायला गेलं की समोरचा घरी नसतो. वारस मोठे असतात, त्यातला एक मुंबईत, एक सुरतेला. तारखेला वकील मुदत मागतात. निकाल लागला तर रानात पीक उभं असतं, ते निघेपर्यंत थांबा. पीक निघालं की पोलीस बंदोबस्त मिळत नाही, कारण कुठंतरी यात्रा किंवा निवडणूक असते. बंदोबस्तात रस्ता खुला झाला तरी आठ दिवसांनी पुन्हा दगड पडतात. या खात्याची खरी परीक्षा निकालात नाही, निकालानंतरच्या अंमलबजावणीत आहे, आणि तिथं ते कमी पडतं. मनाई हुकूम मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. तसा गुन्हा दोन-चार ठिकाणी खरोखर दाखल झाला, तर बाकीच्यांना वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

रस्ता खुला झाल्यावर त्याच्यावर मुरूम टाकायचा खर्च वेगळा. त्यासाठी ११ नोव्हेंबर २०२१ च्या शासन निर्णयानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमीच्या जोडीनं. पण वाद चालू असलेल्या वाटेवर काम धरता येत नाही. आधी अतिक्रमण निघायला हवं, मग मुरूम.

दिवाणी कोर्टाचं वेगळं गणित

तहसीलला जमलं नाही की माणूस दिवाणीत जातो. तिथं भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ लागतो आणि तो बराच कडक आहे. वहिवाटीनं हक्क मागायचा तर खासगी जमिनीवर सलग २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि हक्क म्हणून वापर दाखवावा लागतो. ‘पूर्वीपासून जातोय’ एवढं पुरत नाही. गोव्यातल्या अशाच एका वाटेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुमारे वीस वर्षांपूर्वी हेच सांगितलं. कधीपासून वापर आहे हे दाव्यात नेमकं लिहा आणि सिद्ध करा, नाहीतर हक्क नाही. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका २० फुटी रस्त्याच्या वादात न्यायालय आणखी पुढं गेलं. दुसरा रस्ता असेल, मग तो लांबचा का असेना, तर ‘गरजेपोटी’ शेजाऱ्याच्या जमिनीवरून जायचा हक्क सांगता येत नाही.

यातनं आपल्यासाठी अर्थ असा निघतो की ‘जवळ पडतं’ हे कारण दिवाणीत चालत नाही. आणि दुसरं, शेजाऱ्यानं मेहेरबानी म्हणून जाऊ दिलं असेल तर तो हक्क होत नाही, पन्नास वर्षं झाली तरी. गावातल्या निम्म्या वाटा मेहेरबानीच्याच आहेत. ‘जा की, कोण अडवतंय’ हे शब्द त्या दिवशी चांगले वाटतात, कोर्टात तेच शब्द उलटतात.

गावठाणातला बोळ

रानातलं असं, तर गावातलं दुसरंच. गावठाणात घरासमोर ओटा पुढं येतो, मग पायऱ्या, मग न्हाणी, मग पत्र्याचं शेड, मग त्याखाली चारचाकी. मागच्या घरातनं मोटारसायकल काढायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. इथं पहिला प्रश्न एकच, बोळ सार्वजनिक आहे की खासगी? सार्वजनिक असेल तर ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ प्रमाणं अतिक्रमण काढायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. दोघांच्या खासगी जागेतला वाद असेल तर ग्रामपंचायतीनं ठराव करून उपयोग नाही, तो दिवाणीचा विषय आहे. नमुना आठचा उतारा दाखवून लोक मालकी सांगतात, पण तो कराचा कागद आहे. ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका जिथं मिळाल्या आहेत, तिथं बोळाची रुंदी आता नकाशावर दिसते. तो नकाशा बघून मगच तक्रार करावी, कारण पुष्कळदा तक्रार करणाऱ्याचाही ओटा बाहेर निघतो.

ग्रामपंचायत कारवाई का करत नाही, याचं उत्तर गावाला ठाऊक आहे. अतिक्रमणवाला मतदार असतो, कधी सदस्यही असतो. सदस्यानं सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलं असेल तर कलम १४ (१) (ज-३) नुसार त्याचं पद जाऊ शकतं, आणि अतिक्रमण मूळचं घरातल्या दुसऱ्याचं असलं तरी ते वापरणाऱ्या सदस्याला सुटका नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली म्हटलं आहे. हे कलम गावात चांगलंच माहीत झालंय. फक्त ते बोळ मोकळा करायला कमी आणि विरोधी पॅनेलचा सदस्य पाडायला जास्त वापरलं जातं.

भांडण नसताना काय करता येतं?

ज्यांची वाट आज सुरळीत चालू आहे, खरं काम त्यांनी करायचं आहे. दोघांचं जमतंय तोवर संमतीनं रस्त्याचा दस्त करून तो नोंदवावा आणि सातबाऱ्यावर आणावा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवलेला कागद पेटीत ठेवायला बरा, हक्क म्हणून तो कच्चाच. वाटप करताना प्रत्येक हिश्शाचा रस्ता कुठून, किती फुटी, हे वाटपपत्रात लिहून घ्यावं. जमीन विकत घेताना चतुःसीमेबरोबर रस्ता दाखवून घ्यावा. ‘येण्या-जाण्याच्या वहिवाटीसह’ एवढं मोघम वाक्य खरेदीखतात असतं, त्यात कुठल्या बांधावरनं हे नसतं.

शेजारी पैसे घेऊन जागा द्यायला तयार असेल तर तेही आता करता येतं. तुकडेबंदीमुळं पूर्वी गुंठा-दोन गुंठ्याचा दस्त होत नव्हता. २०२४ मध्ये नियम बदलले आणि विहीर, शेतरस्ता, घरकुल अशा कामासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं लहान क्षेत्राचा व्यवहार करायची सोय झाली. फुकट मागण्यापेक्षा तीन गुंठ्यांचे पैसे मोजणं पुष्कळ वेळा स्वस्त पडतं, वकिलाच्या फीपेक्षा तर नक्कीच. आणि ज्यांच्या बाबतीत सातबारा एकाच्या नावावर, ताबा दुसऱ्याचा अशी अदलाबदल बारा वर्षांहून जास्त चालू आहे, त्यांना जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेत एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी फीमध्ये अदलाबदल दस्त करता येतो. तो करतानाच रस्ताही लिहून घेता येतो.

सीनाकाठच्या गावांना मात्र आधी हद्द हवी. बांधच नाही तर बांधावरचा रस्ता कुठून मागणार? एकेकट्यानं मोजणी आणली की शेजारी ती मानत नाही, तो पुन्हा आपली मोजणी आणतो, आणि दोन मोजण्यांत खुणा दोन जागी पडल्या की तिसरं भांडण. लागून असलेल्या सगळ्या गटांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयाकडं हद्द कायम मोजणीचा अर्ज एकत्र द्यावा, खर्च वाटून घ्यावा, आणि मोजणीच्या दिवशी सगळ्यांनी हजर राहून खुणांवर सह्या कराव्यात. त्याच दिवशी रस्त्याच्याही खुणा घालून घेतल्या तर तलाठ्याला नोंदीसाठी नकाशा हातात मिळतो. हे काम रान मोकळं असताना होतं. पेरणी झाली की मोजणीदार आला तरी कुणी त्याला रानात साखळी ओढू देत नाही.